ऋणाचा हिशेब लिंगापुढे

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥



या मासाच्या चिंतनासाठी आयदक्की लक्कम्मेचे चरित्र घेतले आहे. बाराव्या शतकात रायचूरकडील अमरेश्वर गावाहून मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य कल्याणनगरीत आले. 'अक्की' म्हणजे तांदूळ. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हेच मारय्यांचे कायक होते, आणि तेच त्यांचे नावही झाले. त्या वेचलेल्या तांदळावर लक्कम्मा प्रपंच चालवी आणि जंगमांचा दासोहही करी. परंपरा सांगते की, एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घरी आणले. दुसरे घर असते तर आनंद झाला असता. लक्कम्मेने मात्र ते पाहिले आणि पतीला सांगितले की, हे आपल्या गरजेपेक्षा अधिक आहे, जिथून आणले तिथे परत टाकून या. मारय्या परत गेले.

या प्रसंगात तीन गोष्टी आहेत. घरात काय आले, हे पत्नीने पाहिले आणि ती बोलली. पत्नी बोलली म्हणून पतीने तो आपला अपमान मानला नाही. आणि जे परत करायचे ते त्याच दिवशी परत केले. आपण या कथेवर निर्लोभतेचे निरूपण पुष्कळ ऐकले आहे. आज आम्ही तीच कथा घरातील कर्जाकडे पाहण्यासाठी वापरणार आहोत. कारण कर्ज म्हणजे तरी काय? उद्याच्या कायकाचे तांदूळ आजच उचलून घरी आणणे. उद्याचे कायक आपल्या हाती आहे की नाही हे माहीत नसते. तांदूळ मात्र आज शिजून जातात.

नवागामातील एक घर

या मासिकाचे काही वाचक सुरतेच्या नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या भागांत राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून, अमळनेर-दोंडाईचा-नंदुरबार मार्गाने उधन्याला जाणाऱ्या रेल्वेने तिथे गेलेली ही मराठी घरे. कोणी लूमवर, कोणी मिलमध्ये, कोणी रिंगरोडच्या कापड बाजारात. घरातील माउली साडीला लेस आणि टिकल्या लावण्याचे काम घरीच करते. कष्टात ही माणसे कुठेही उणी नाहीत. तरीही कष्ट करणाऱ्याच घरात कर्ज साचते, आणि ते साचत असताना घरातच कोणी कोणाला सांगत नाही. दुखणे खरे इथे आहे.

असे एक घर आपण मनापुढे उभे करूया. ते कोणा एकाचे नाही. पण वाचताना आपल्याला ते शेजारचे वाटेल, कदाचित आपलेच वाटेल.

गृहस्थ लूमवर बारा तासांची पाळी करतात. महिन्याला १८,००० रुपये हाती येतात. माउलीला साड्यांच्या कामाचे ४,००० मिळतात. थोरला मुलगा एम्ब्रॉयडरी मशीनवर जातो. तो १०,००० आणतो. एकूण ३२,०००. घरखर्च २४,०००. मग उरायला हवेत ८,०००. पण उरत तर काहीच नाही, उलट किराणा दुकानाची वही दर महिन्याला वाढते. गृहस्थांना विचारले तर म्हणतात, "असेल लाख-सव्वा लाखाचे देणे."

आता खरे देणे पाहा. थोरल्या मुलीच्या लग्नाला एका खासगी सावकाराकडून घेतलेले १,००,०००, शेकडा ५ रुपये महिना दराने. माउलीने बचत गटातून काढलेल्या कर्जाचे २,२०० रुपयांचे १० हप्ते, म्हणजे २२,०००. मुलाच्या मोबाइलचे १,५०० रुपयांचे ४ हप्ते, म्हणजे ६,०००. माउलीची पोत गहाण ठेवून काढलेले ६०,०००, त्याचे व्याज महिना ६००. किराणा दुकानाचे ९,०००. ते गृहस्थांना ठाऊक नाही. मेव्हण्याकडून हातउसने घेतलेले २०,०००. ते माउलीला ठाऊक नाही. बेरीज करा: २,१७,०००. पतीला वाटत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट.

दर महिन्याला जाणारे पैसेही मोजा. सावकाराचे नुसते व्याज ५,०००, गटाचे २,२००, मोबाइलचे १,५००, पोतीचे ६००, मिळून ९,३००. घरखर्चाचे २४,००० त्यात मिळवा, ३३,३०० झाले. मिळकत ३२,०००. दर महिन्याला १,३०० कमी पडतात, आणि हेच १,३०० किराणा दुकानाच्या वहीत जाऊन बसतात. घरात कोणी उधळ्या नाही, कोणी व्यसनी नाही. फक्त ही बेरीज कोणी कधी मांडली नाही.

हिशेब मांडणे हा सदाचार

पंचाचारांत सदाचार म्हणजे सचोटीच्या कायकाने जगणे. आपण तो मिळवण्यापुरता समजतो. पण मिळवलेल्याचा आणि देणे असलेल्याचा हिशेब स्वच्छ ठेवणे हेही सदाचारच आहे. बसवण्णा मंगळवेढ्याला बिज्जलाच्या पदरी हिशेबाचेच काम करीत होते. पुढे कल्याणला ते भांडारी झाले. राजाच्या भांडारातील धन ते दासोहात उधळतात, असा आरोप विरोधकांनी केला, तेव्हा भांडार मोजले गेले आणि हिशेब चोख निघाला, असे त्यांचे चरित्र सांगते. ज्यांना आपण महात्मा म्हणतो त्यांनाही हिशेब दाखवण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्या पत्नीला, आपल्या पतीला हिशेब दाखवण्यात कसला कमीपणा?

पुरुष म्हणतो, "तिला कशाला काळजीत टाकू?" स्त्री म्हणते, "ते आधीच त्रासलेले असतात." दोघांच्याही मनात प्रेमच आहे, पण लपवलेले कर्ज प्रेमाने फिटत नाही. लपवलेल्या एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरे कर्ज काढावे लागते, तेही लपवावे लागते. घरात दोन वह्या होतात आणि दोन्ही खोट्या. लक्कम्मेला मारय्यांनी आणलेले तांदूळ दिसले म्हणून ती बोलू शकली. ते झाकून आणले असते तर तिची सद्बुद्धी काय करणार होती?

म्हणून पहिली पायरी ही. सोमवारी इष्टलिंगपूजा झाल्यावर पती, पत्नी आणि कमावती मुले यांनी एकत्र बसावे. एक कागद घ्यावा. कोणाचे किती, व्याज किती, दरमहा किती, कधीपर्यंत, हे सर्व लिहावे. त्या बैठकीत कोणी कोणाला दोष देऊ नये. "मी तेव्हाच सांगितले होते" हे वाक्य त्या दिवशी बंद. लिंगासमोर बसून खोटी रक्कम लिहवत नाही, हा अनुभव घेऊन पाहा.

कोणते आधी, कोणते नंतर

यादी झाली की प्रश्न येतो, आधी कोणाचे फेडावे? पुष्कळ घरांत जो जास्त ओरडतो त्याचे आधी फेडले जाते. हे चूक आहे. ज्याचे व्याज सर्वांत जड त्याचे आधी.

आपल्या घराने असे ठरवले, असे समजा. खर्च २४,००० वरून २०,००० वर आणायचा. मोबाइलचे एक रिचार्ज कमी, बाहेरचे खाणे बंद, गावच्या प्रत्येक लग्नाला पाचही जणांऐवजी एकाने जायचे, आहेर आपल्या ऐपतीचा. म्हणजे देण्यासाठी दरमहा १२,००० मोकळे झाले. दुसरे, पोत सोडवून विकायची. समजा तिचे १,१०,००० आले. त्यातील ६०,००० गहाणाचे फिटले आणि उरलेले ५०,००० सावकाराच्या मुद्दलात गेले. सावकाराचे मुद्दल निम्मे झाले, महिन्याचे व्याज ५,००० वरून २,५०० वर आले. गटाचा आणि मोबाइलचा हप्ता चालू ठेवून उरलेले सर्व सावकाराकडे वळवले, तर सातव्या महिन्यात सावकार संपतो, आठव्यात किराणा दुकान, आणि दहाव्यात मेव्हणा आणि गटाचा शेवटचा हप्ता. दिवाळीनंतर लूम बंद राहतात, कोणी आजारी पडते. म्हणून दहाचे पंधरा महिने धरा. तरीही जे देणे जन्मभराचे वाटत होते ते दीड वर्षाच्या आतले निघाले.

पोतीविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे. ती माउलीची आहे. ती विकायची की नाही, हा निर्णय पतीचा नाही, सासूचा नाही, तिचाच आहे. तिने स्वतःहून होकार दिला तर त्या यादीत आणखी एक ओळ लिहावी: "पत्नीचे देणे, पोत एक, वजन अमुक." सर्वांचे फिटले की दरमहाचे तेच १२,००० या ओळीकडे वळवावेत. बाहेरच्याचे देणे फेडताना घरातल्या माणसाचे देणे बुडवणारा ऋणमुक्त झाला, असे आम्ही म्हणणार नाही.

तसेच मेव्हण्याचे आणि दुकानदाराचे. त्यांनी व्याज मागितले नाही म्हणून त्यांची पाळी शेवटी आली. पण ज्याने व्याज मागितले नाही त्याचेच देणे आपण सर्वांत आधी विसरतो, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून त्यांच्या दारी आजच जावे, "अमुक महिन्यात देईन" असे सांगावे, त्यांची संमती घ्यावी आणि तो महिना चुकवू नये. आणि दुकानातून पुढचा माल रोखीनेच घ्यावा.

सावकाराची बाजू आणि आपली बाजू

धर्मशास्त्रांत व्याजाचा विचार बारकाईने केलेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वसिष्ठांनी सांगितलेला दर दिला आहे, महिन्याला मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा रुपया. ५०,००० वर महिना ६२५. शेकडा ५ ने तेच २,५०० होतात. थकलेले व्याज मुद्दलाच्या वर मागता येत नाही, हा दामदुप्पटचा नियमही तिथलाच. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. हा नियम थकलेल्या व्याजाचा आहे, दरमहा भरलेल्या व्याजाचा नाही, हे खरे. पण आपल्या गृहस्थांनी दोन वर्षे दरमहा ५,००० भरले असतील तर १,२०,००० व्याज गेले आणि मुद्दल १,००,००० तसेच राहिले. सावकाराने मुद्दलापेक्षा अधिक व्याज घेऊ नये, ही त्या नियमामागची बुद्धी इथे पायदळी तुडवली गेली आहे.

पण त्याच अध्यायात दुसरीही व्यवस्था आहे, ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. वर्णाच्या क्रमाने महिना शेकडा दोन, तीन, चार, पाच असा दर तिथे सांगितला आहे. म्हणजे जो सर्वांत खाली ठेवलेला, त्याला व्याज सर्वांत जड. शरणांनी हीच उतरंड नाकारली. धोबी, चांभार, दोर वळणारा, तांदूळ वेचणारा, सर्वांना त्यांनी एका पंक्तीला बसवले. आज वर्णाचा तो दर कायद्यात नाही. पण ज्याच्याकडे कागद आणि तारण आहे त्याला बँकेचे कर्ज स्वस्त आणि ज्याच्याकडे नाही त्याला शेकडा पाच, शेकडा दहा, ही उतरंड अजून उभी आहे. रोजच्या वसुलीचे कर्ज पाहा. १०,००० म्हणून हातात ८,५०० ठेवायचे आणि रोज १०० प्रमाणे १०० दिवस वसूल करायचे. जो घेतो त्याला वाटते, पंधराशेच तर गेले. पण मुद्दल रोज कमी होत असते, हे लक्षात घेऊन मांडले तर हे व्याज वर्षाला शेकडा शंभराच्याही वर जाते.

म्हणून कायदा काय म्हणतो, तेही गृहस्थाने जाणावे. गुजरातमध्ये २०११ च्या सावकारी कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये गुजरात पोलिसांनी बेकायदा सावकारीविरुद्ध मोहीम काढली, गावोगावी लोकदरबार भरवले. बचत गटांना कर्ज देणाऱ्या संस्थांसाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. घराच्या मासिक मिळकतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाईल असे कर्ज त्यांनी देऊ नये, आणि सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करू नयेत. मोबाइलवरून कर्ज देणाऱ्यांनी आपल्या फोनमधील नातलगांच्या नंबरांना हात लावू नये, असेही त्याच वर्षी बजावले गेले. कोणी धमकावत असेल, घरातील स्त्रियांना अपशब्द बोलत असेल, तर पोलिसांकडे जाण्यात लाज नाही. देणे फिटले की कोऱ्या सहीचा चेक आणि स्टॅम्प पेपर परत घ्यावा, पावती घ्यावी.

मात्र कायदा आपल्या बाजूचा आहे म्हणून घेतलेले मुद्दल बुडवावे, असा अर्थ कोणी काढू नये. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. त्यांच्यावरचा अन्याय खरा होता, आणि त्यातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. पण जिथे आपण खरेच घेतले आणि खाल्ले, तिथे शरणाचा मार्ग मारय्यांचा, जिथून आणले तिथे परत.

दिखाव्याचे कर्ज आणि मठ

सर्व कर्ज सारखे नसते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरत पाण्यात गेली. २०२० मध्ये टाळेबंदीत लूम थांबले. त्या वेळी ज्याने पोराबाळांच्या अन्नासाठी उसने घेतले त्याला कोण दोष देईल? शिलाई मशीन घेण्यासाठी काढलेले कर्ज कायकाला हात देते. तिसरे कर्ज मात्र दिखाव्याचे. लग्नात चारशे पानांऐवजी हजार पाने, बँड, मंडप, "लोक काय म्हणतील" याचे व्याज. लोक एक दिवस जेवतात, घर पाच वर्षे फेडते.

इथे आम्हाला मठाविषयीही स्पष्ट बोलायचे आहे. लिंगदीक्षा, जंगमभोजन, 'परमरहस्या'चे पारायण, पादपूजा यांसाठी कर्ज काढू नका. यात्रेची पट्टी, मठाची देणगी व्याजाच्या पैशाने भरू नका. दासोह म्हणजे आपल्या कायकाच्या फळातून दिलेले. सावकाराच्या पैशातून दिलेला दासोह सावकाराचा झाला, आपला नव्हे. ज्याच्यावर देणे आहे त्याने गुरूंपुढे विभूती लावून नमस्कार करावा, एवढे पुरे. आमच्या जंगमबंधूंनाही विनंती आहे, अशा घरी गेलात तर पाणी घ्या, आशीर्वाद द्या आणि दक्षिणेचे नाव काढू नका. त्या घराचे देणे फिटेपर्यंत तेथील प्रत्येक वेळेवर भरलेला हप्ता हाच त्यांचा दासोह समजा.

देह गहाण नाही

शेवटी जड मनाने एक बोलायचे आहे. कर्जापायी घर सोडून निघून गेलेले, त्याहून वाईट म्हणजे जीव दिलेले गृहस्थ आपण सर्वांनी ऐकले आहेत. असा विचार ज्याच्या मनात येतो तो बहुधा तोच असतो ज्याने घरात कोणाला काही सांगितलेले नसते. त्याला वाटते, मी गेलो की सारे सुटतील. कोणी सुटत नाही. कायद्याने पाहिले तर वडिलांचे कर्ज केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाने फेडावे, हे जुने बंधन २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जाला उरलेले नाही. वारशात जे आले तेवढ्यापुरतीच जबाबदारी. पण मुलाच्या मनावरचे ओझे कोणता कायदा उतरवणार?

बंधूंनो, ज्या देहावर गुरूंनी इष्टलिंग दिले तो देह कोणत्याही सावकाराकडे गहाण टाकलेला नाही. तो कायकासाठी आहे. दोन लाखांचे देणे दोन लाखांचेच असते. माणसाची किंमत त्यात बसत नाही. असा विचार मनात आलाच तर त्याच क्षणी पत्नीला, भावाला, शेजाऱ्याला उठवा, मध्यरात्र असली तरी उठवा, आणि सांगा. आणि आपल्या शेजारी असे कोणी गप्प गप्प झालेले दिसले तर आपण होऊन विचारा. तेही गणाचारच आहे.

या मासाचा संकल्प एवढाच. येत्या सोमवारी पूजेनंतर एक कागद घ्या, सर्वांनी मिळून देणे लिहा, खाली बेरीज करा, आणि सर्वांत जड व्याजाच्या नावापुढे पहिली खूण करा. पुढच्या सोमवारी नवे कर्ज न काढता पहिला हप्ता द्या. लक्कम्मेसारखे विचारणारे आणि मारय्यांसारखे ऐकणारे प्रत्येक घरात असोत, हीच बसवेश्वरांच्या चरणी प्रार्थना.

॥ शरणु शरणार्थ ॥